पावसाळ्यात किनाऱ्याने कोकण: श्रीवर्धन ते मालवण गाडीने कसे जायचे

पावसाळ्यात कोकण किनारा करायला निघालेली मंडळी बहुतेक वेळा एकाच जागी चुकतात: मे महिन्यातला बेत तसाच उचलून जुलैत घेऊन येतात. मग जंजिऱ्याची होडी बंद, जंगलजेटी (गाड्या नेणारी फेरीबोट) वाऱ्यामुळे उभी, ताटात बर्फातली सुरमई आणि अंधारात अनोळखी घाट, असे सगळे एकाच दिवसात वाट्याला येते. या दिवसांत किनाऱ्यावरचा प्रवास किलोमीटरवर ठरत नाही. तो तिथी, भरती आणि पाऊस यांच्यावर ठरतो. म्हणून खाली कामे ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत. क्रम उलटा केला, म्हणजे आधी खोली घेतली आणि मग तारीख पाहिली, की पुढचे सगळे अडते.

हा आराखडा पाच मुक्कामांचा आहे: श्रीवर्धन, मुरूड-हर्णै (दापोलीजवळचे मुरूड, जंजिऱ्याचे नव्हे), गुहागर, रत्नागिरी आणि विजयदुर्ग. सहाव्या दिवशी मालवण. तिथे एक रात्र वाढवता आली तर जरूर वाढवा.

## १. तारीख पंचांग पाहून ठरवा

जून आणि जुलै हे पाऊसच पाहायचा असेल त्यांच्यासाठी. किल्ले, रस्ता आणि मासे तिन्ही हवे असतील तर दोनच पंधरवडे धरा.

पहिला नारळी पौर्णिमेनंतरचा. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या खऱ्या अर्थाने बाहेर पडतात. तिथून गणेश चतुर्थीपर्यंत साधारण १९ दिवस मिळतात. त्यातले शेवटचे ५ दिवस सोडून द्या. चाकरमानी गावी निघाले की मुंबई-गोवा महामार्गावर तासाचा रस्ता तीन तासांचा होतो आणि घरगुती मुक्कामवाल्यांच्या घरी त्यांचेच पाहुणे असतात. गोकुळाष्टमी आणि १५ ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्ट्याही टाळा.

दुसरा पितृपक्षाचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत चांगला. पाऊस ओसरलेला पण हिरवे कायम, सड्यांवर (जांभ्याच्या कातळपठारांवर) फुले, खोल्या रिकाम्या, बंदरे चालू. सप्टेंबर लागला की हवामान पाहून जलदुर्गांच्या होड्याही सुरू होऊ लागतात. त्यातही भाद्रपद वद्य पंचमी ते एकादशी हे दिवस धरले तर समुद्राला भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी; उधाण, म्हणजे मोठी भरती, नसते. याचा उपयोग पुढच्या टप्प्यात कळेल.

तपासा: निघायचा दिवस रविवार किंवा सोमवार ठेवा. शनिवारी ताम्हिणीत, आंबोलीत आणि अलिबागच्या रस्त्यावर धबधबे पाहायला आलेल्यांच्याच रांगा असतात.

## २. भरतीचे गणित कागदावर मांडा

किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला ६ × ३ ÷ ४ म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारला आणि संध्याकाळी साडेचारच्या पुढे भरती, मध्ये सकाळी साडेदहा-अकराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना १५ धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत गेलात तर भरती थोडी उशिरा पोचते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून पहिल्या दिवशीची वेळ सगळ्या सहलीला लावू नका. मुक्कामवार एक ओळ लिहा: तिथी, भरती, ओहोटी.

याचे तीन उपयोग. एक, पौर्णिमा-अमावास्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली जाते. अष्टमी-दशमीच्या सुमारास भांग, चढ-उतार कमी. दोन, उधाणाच्या पूर्ण ओहोटीला जंगलजेटीचा उतार तीव्र होतो आणि खाली बसक्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे: उधाणाची भरती आणि डोंगरात मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नदीचे पाणी समुद्रात शिरूच शकत नाही आणि खाडीकाठची गावे तुंबतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. महाड, चिपळूण, राजापूर आणि खारेपाटण ही गावे या कारणाने अडकण्याची नेहमीची ठिकाणे आहेत.

इशारा: ओहोटी आहे म्हणून पावसाळ्यात हरिहरेश्वरच्या कातळावरची प्रदक्षिणा करू नका. तिथला खडक शेवाळलेला असतो आणि मोठी लाट ओहोटीतही येते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाण्याचेही तेच. ही दोन्ही कामे हिवाळ्यातली आहेत.

## ३. खाड्या मोजा, प्रत्येकीला दुसरी वाट ठेवा

या रस्त्यावर तीन मोठ्या खाड्या फेरीबोटीने, म्हणजे तिथल्या बोलीत जंगलजेटीने, ओलांडाव्या लागतात. रेवस-रेडी सागरी महामार्गावरच्या पुलांची कामे चालू आहेत, पण बेत बोटीवरच करा. या बोटी बाराही महिने चालतात. जोराचा वारा किंवा हवामानाचा इशारा असला की थांबतात. निघण्यापूर्वी प्रत्येक खाडीची वळसा घालणारी वाट लिहून घ्या, कारण जेटीवर उभे राहून नकाशा उघडला तर बहुधा रेंज नसते.

- बागमांडला ते वेश्वी (सावित्रीची बाणकोट खाडी). बोट बंद असेल तर म्हसळ्याकडून आंबेत-म्हाप्रळ पुलाने मंडणगड. तोही बंद असेल तर महाडवरून. दोन-अडीच तास जास्त धरा.
- दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी). पर्याय दापोली, खेड, चिपळूण, गुहागर. शंभराहून जास्त किलोमीटर. चिपळूणला पाणी भरण्याची भीती असेल तर हा पर्यायही नाही. त्या दिवशी दापोलीतच राहा.
- तवसाळ ते जयगड (शास्त्री). पर्याय आबलोलीकडून भातगाव पूल आणि जाकादेवी. हा वळसा त्यातल्या त्यात सोपा आणि रस्ताही बरा.

बोटीत गाडी चढवायची रीत आहे. रांगेत असतानाच सोबतच्यांना उतरवा. ओल्या लोखंडी फळीवर पहिल्या गियरमध्ये, एकाच वेगात, मध्ये ब्रेक न दाबता चढा. बहुतेक घसरणे फळीवर थांबल्यामुळे होते. बोटीवरचा माणूस दाखवेल तिथेच लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गियरमध्येच बंद करा आणि काचा उघड्या ठेवा. बोट हलत असताना गाडीत झोपायचे नाही.

तपासा: शेवटच्या फेरीची वेळ त्याच सकाळी मुक्कामवाल्यांकडून किंवा जेटीवर फोन करून घ्या. पावसाळ्यात ती ऐनवेळी आधी होते. शेवटच्या फेरीवर बेत ठेवूच नका; दुपारी तीनच्या आत खाडी ओलांडलेली असावी.

## ४. गाडी आठ दिवस आधी दाखवा

आदल्या दिवशी गॅरेजला गेलात तर मेकॅनिक फक्त ऑइल बघेल. आठ दिवस हातात असले की टायर बदलता येतो.

टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिमी हवी, पण ओल्या जांभ्याच्या मातीवर ३ मिमीखाली जाऊ नका. वायपरचे रबर नवीनच घाला. ब्रेक पॅड, बॅटरी आणि समोरची काच धुके सोडते का, म्हणजे एसी आणि डिफॉगर, हे पाहा. स्टेपनीत हवा आहे का ते बहुतेक जण पंक्चर झाल्यावरच पाहतात. विम्यात इंजिनात पाणी शिरल्याचे संरक्षण आहे का ते विचारा. साध्या पॉलिसीत ते सहसा नसते.

डिकीत ठेवायचे: ओढण्याचा दोर, बॅटरीच्या वायरी, जॅकखाली घालायला लाकडी फळी (मऊ मातीत जॅक रुततो), डोक्याला लावायचा टॉर्च, जाड प्लास्टिक, जुनी चादर, दोन दिवसांचे कपडे वेगळ्या बंद पिशवीत, ५ लिटर पाणी. रोख ५-६ हजार रुपये, त्यातही शंभर-दोनशेच्या नोटा जास्त. वीज गेली की टॉवर जातो आणि टॉवर गेला की मोबाइलवरून पैसे देणे बंद.

इशारा: टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका. माणगाव, दापोली, गुहागर, रत्नागिरी आणि देवगडला भरा, मधल्या पंपांवर विसंबू नका.

## ५. मुक्कामाशी फोनवर बोला

ऑनलाइन नोंदणीवर सगळे सांगितले जात नाही. फोन करा आणि हे प्रश्न विचारा: घर नदी-खाडीच्या काठावर आहे का? शेवटचा रस्ता डांबरी आहे की कच्चा? मध्ये साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) किंवा फरशी (पावसात पाण्याखाली जाणारा बसका पूल) लागते का? इन्व्हर्टर आहे का? स्वयंपाक घरात होतो का आणि श्रावणात मासे करता का?

शेवटचा प्रश्न लाजून टाळू नका. श्रावणात कित्येक घरांत मासे शिजत नाहीत, आणि खुद्द मासेमारी करणाऱ्या वस्त्यांतही सोमवार पाळला जातो. पितृपक्षात घरी श्राद्धतिथी असेल तर त्या दिवशी पाहुण्यांचे जेवण होत नाही. हे आधी कळले तर तुम्ही दुसरी सोय करता; जागेवर कळले तर यजमानांनाही ओशाळल्यासारखे होते.

जेवण आदल्या संध्याकाळी सांगा, माणसे मोजून: चार जण, दोन शाकाहारी, दुपारी एक वाजता. उकडीचे मोदक हवे असतील तर दोन दिवस आधी. कोकणातल्या खानावळीत ऐनवेळी गेलात तर मिळते ते फ्रीजमधले; सांगून गेलात तर मिळते ते परसातले आणि बाजारातले.

## ६. निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहा: रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, आणि ज्या घाटाने उतरणार तो जिल्हाही. पिवळा असेल तर निघा, लक्ष ठेवा. नारिंगी असेल तर आहात तिथेच थांबून जवळचे पाहा. तांबडा असेल तर गाडी हलवू नका. आकड्यांत सांगायचे तर २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार, २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. कोकणात पहिल्या प्रकारचा पाऊस नेहमीचाच आहे. त्याने घाबरायचे कारण नाही.

पुण्याहून ताम्हिणीने माणगाव, तिथून म्हसळा, श्रीवर्धन. वरंधा घाटावर बेत ठेवू नका, तो पावसाळ्यात वारंवार बंद होतो. मुंबईहून महामार्गाने माणगाव. मुंबई-मांडवा रो-रो (गाड्या नेणारी बोट) हवामान पाहून चालते, म्हणून परतीची वेळ तिच्यावर बांधू नका.

घाटात दरड येण्यापूर्वी खुणा दिसतात: स्वच्छ वाहणाऱ्या ओहोळाचे पाणी एकदम गढूळ होते, लहान खडे टपटप पडतात, कडेची झाडे रस्त्याकडे कललेली दिसतात. यातले काहीही दिसले तर पुढे जाऊ नका आणि कापलेल्या डोंगराखाली उभे राहून फोटो तर मुळीच काढू नका. धबधबा नेमका तिथेच असतो, हीच अडचण आहे.

तपासा: सकाळी ७ ला निघणे, दुपारी ४ ला मुक्कामी. किनाऱ्याच्या रस्त्याला पावसात ताशी २५ किलोमीटरचा हिशेब धरा. दिवसाला ८० ते १०० किलोमीटर पुरेत.

## ७. दिवसवार: काय पाहायचे, कशाला हात जोडायचे

पहिला दिवस, श्रीवर्धन. पोचणे एवढेच काम. पाऊस उघडला तर हरिहरेश्वरचे देऊळ, समुद्र वरूनच पाहायचा.

दुसरा दिवस, बाणकोट ते हर्णै. साठ-सत्तर किलोमीटर, पण दिवस पूर्ण जातो. वेश्वीला उतरल्यावर बाणकोटचा हिंमतगड. गाडी अगदी जवळ जाते आणि वरून खाडीचे मुख दिसते; पुढचा समुद्र कसा आहे याचा अंदाज इथेच येतो. जवळचे वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. पुढे केळशी, मग आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती.

हर्णैला लोक सुवर्णदुर्गासाठी हट्ट धरतात. होडी बंद असेल तर ती बंद आहे. जास्त पैसे देऊन खासगी होडी मिळवू नका. सुवर्णदुर्गाची जागा समजून घ्यायची तर समोरच्या कनकदुर्गावर उभे राहा. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे तिन्ही जमिनीवरून त्या जलदुर्गाला पाठबळ देणारे. ही मांडणी किनाऱ्यावरूनच नीट उलगडते, होडीतून नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे या वाटेवरचे तीन आहेत. बंदी उठल्यानंतर गेलात तर संध्याकाळी हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव पाहा. चांगले बूट घालू नका.

तिसरा दिवस, दाभोळ ते गुहागर. दाभोळला जेटीच्या वाटेवर शाही मशीद. पावसात हिच्या घुमटाखाली थांबण्यासारखी दुसरी जागा या टप्प्यात नाही. धोपाव्याला उतरून अंजनवेलचा गोपाळगड: खंदकात गवत कमरेएवढे असते, पायवाट सोडून आत शिरू नका. गुहागरला व्याडेश्वर.

चौथा दिवस, हेदवी, जयगड, मालगुंड, रत्नागिरी. सुमारे ८५ किलोमीटर. हेदवीची बामणघळ (किनाऱ्याच्या कातळातली अरुंद भेग) भरतीला उसळते, म्हणून तुमच्या कागदावरची वेळ पाहून जा, पण घळीच्या कडेला नको. वीसेक पावले मागे राहूनही ती पुरेशी दिसते. जयगडच्या तटाखालून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे, ते इथेच १८६६ मध्ये जन्मले. बाहेर धो-धो चालू असेल तर इथे तास सत्कारणी लागतो. गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, पाण्यात पाऊल नको. तिथला तळ एकदम खोल जातो आणि ओढ बाहेरची असते. आरे-वारेच्या वळणांवर गाडी थांबवायची नाही, वर सपाटी आहे तिथे थांबा.

रत्नागिरीत पावसाची सोय चांगली: थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी इथे आणले. राजवाडा १९१० मध्ये झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. राजवाड्यातले संग्रहालय सोमवारी बंद. तुमचा चौथा दिवस सोमवार येत असेल तर सगळा बेत एक दिवस सरकवा.

पाचवा दिवस, पूर्णगड, कशेळी, विजयदुर्ग. शंभरेक किलोमीटर, सर्वांत लांब टप्पा. पूर्णगड लहान आहे, अर्ध्या तासात होतो. कशेळीला कनकादित्याचे देऊळ, आणि त्याच सड्यावर कातळशिल्पातला प्रचंड हत्ती. इथे लोक चुकतात ते असे: भर पावसात कातळशिल्पांवर पाणी साचते, गवत चढते आणि काहीच दिसत नाही. मग कोणी रेषा दिसाव्यात म्हणून त्यांवर खडू फिरवतो, कोणी चपलेने चिखल खरवडतो. दोन्ही वाईट. रेषा हजारो वर्षांच्या आहेत आणि जांभा ओला असताना मऊ असतो. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर तिरपे ऊन असेल तरच शिल्प उठून दिसते. नाहीतर सड्यावरची फुले पाहून पुढे चला. निळी सीतेची आसवे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाण्याच्या काठाने असतात, पाय जपून टाका.

जैतापूरच्या पुलावरून पुढे विजयदुर्ग. या सगळ्या वाटेवर एकच किल्ला नीट पाहायचा म्हटला तर हा. तीन बाजूंनी पाणी, तरी गाडी दारापर्यंत जाते, म्हणून पावसाळ्यातला हाच खरा समुद्रकिल्ला. संध्याकाळी पोचून घाईने पाहू नका. सहाव्या दिवशी सकाळी दोन-अडीच तास द्या. गोमुखी दारातून आत शिरताना वळणे मोजत जा. शत्रूला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून ती आहेत. आतली कोठारे अंधारी आणि ओली, टॉर्च हवाच. तटावरच्या फांजीचा (चालायच्या वाटेचा) दगड शेवाळतो, त्यामुळे समुद्राकडच्या बाजूला तटाला हात लावून चाला, कडेने नाही. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये घेतलेला हा किल्ला फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला, तेव्हा आंग्र्यांचे आरमार खाडीतच जळाले. ती वाघोटण खाडी आणि तिच्या काठची आंग्रेकालीन गोदी पाहिल्याशिवाय किल्ला अर्धाच समजतो.

सहावा दिवस, देवगड, कुणकेश्वर, मालवण. श्रावणी सोमवारी कुणकेश्वरला गर्दी असते. मालवणला सिंधुदुर्गाच्या होड्या मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सहसा बंद असतात. बंद असतील तर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी जा. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याच्या कामाची पूजा इथे झाली. तिथून समोरचा तट सरळ नजरेत येतो.

इशारा: किल्ल्यावर गेलात की बूट घोट्यापर्यंतचे हवेत. देवगड-रत्नागिरीच्या जांभ्यात फुरसे हा विषारी साप असतो. ते लहान दिसते, दगडाच्या रंगाचे असते आणि पळून जात नाही. दगडाखाली, तटाच्या भोकात हात घालू नका. चावले तर चिरणे, चोखणे, दोर आवळणे यांपैकी काही करायचे नाही. पाय हलू न देता १०८ ला फोन आणि ग्रामीण रुग्णालय.

## ८. ताटात काय मागायचे

जून-जुलैत किनाऱ्यावर बसून ताजी सुरमई किंवा पापलेट मागितली की समोर येते ती बर्फातली किंवा पूर्व किनाऱ्याची, जिथली बंदी १४ जूनला उठते. दर मात्र ताज्याचा. बंदीच्या काळात खायचे ते खाडीतले आणि वाळवलेले. खाडीच्या चिंबोऱ्या म्हणजे कुर्ल्या, शेतातले मुठे (दोन्ही खेकडेच), पहिल्या पावसात ओढ्यात वर चढणारे चढणीचे मासे. आणि घरात मेपासून भरून ठेवलेले सोडे (सुकवलेली कोळंबी), जवळा, सुके बोंबील. सोड्यांची खिचडी किंवा वांगे-सोडे हे पावसाळ्याचेच जेवण आहे, तडजोड नाही. कुर्ल्या अमावास्येच्या आसपास भरलेल्या असतात असे कोळी सांगतात, तर तिथी पाहून मागा. मोठा पूर येऊन गेल्यावर तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवे चार-सहा दिवस टाळा. गढूळ पाण्यातले सगळे ती गाळून पोटात घेतात.

बंदी उठल्यावर मासा घेताना कल्ला उघडून पाहा, लालभडक हवा. बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. सोपा मार्ग म्हणजे खानावळीत "काय आहे?" न विचारता "आज काय आलं?" असे विचारा.

भाज्यांकडे मात्र पाहुणे लक्षच देत नाहीत, आणि पावसाळ्यातले खरे कोकण तिथे आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कुड्याच्या शेंगा, कंटोळी. जूनच्या आरंभी शेवळे, ती नीट न शिजवल्यास घसा खाजवतो, म्हणून फक्त घरातल्या जुन्या हाताची. अळूचे फदफदे आठळ्या घालून. अळंबी आली असेल तर नशीब समजा, पण रस्त्याकडेला उगवलेली स्वतः तोडून आणू नका. विषारी आणि खायची यांतला फरक गावातल्या जाणत्यालाच कळतो.

उत्तरेकडे, दापोली-गुहागरात, मागा: कुळथाचे पिठले, वालाची उसळ, मोदक, श्रावणापासून हळदीच्या पानातले पातोळे. राजापूर ओलांडले की चव बदलते. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळी, घावणे, नारळाच्या रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया), कोंबडी-वडे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरवे तिरफळ मिळते. ते घातलेली बांगड्याची कढी याच दिवसांत खाऊन घ्यावी, वाळलेल्या तिरफळाला तो वास नाही. तिरफळातले बी खायचे नाही, आमटीतले फळ बाजूला काढा.

खरेदी शेवटच्या दिवशी. आमसूल, कुळथाचे पीठ, आंबापोळी, खाजा. दमट हवेत चार दिवस गाडीत राहिले की पीठ गोळा होते आणि तळलेले गरे नरमतात. सुके मासे दुहेरी पिशवीत, डब्यात आणि कपड्यांपासून लांब.

## ९. रस्त्यावर पाणी आले तर

वाहते पाणी असेल तर गाडी घालायची नाही, मग ते वीतभर का असेना. फरशी खालून खचलेली आहे का ते वरून दिसत नाही. साचलेले, स्थिर पाणी असेल तर समोरून एखादे स्थानिक वाहन येऊ द्या. चाकाच्या निम्म्यापर्यंत पोचत असेल तर परत फिरा. जायचेच तर पहिला गियर, एकसारखा वेग, मध्ये थांबणे नाही, आणि बाहेर आल्यावर हळू चालत ब्रेक दोन-चारदा दाबून कोरडे करा.

पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नका. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचे काम लाखांवर जाते. उतरा, ढकला, ओढून घ्या.

समोरच्या गाडीला वाट देताना डांबर सोडून साइडपट्टीवर उतरू नका. ती वरून घट्ट दिसते आणि चाक ठेवले की बसते. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी नेण्याचा विषयच नको.

तपासा: जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, आणीबाणीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे कागदावर लिहून डॅशबोर्डला. १०७७ ला विचारले की कोणता पूल बंद आहे ते कळते. नकाशावर ते तासाभराने दिसते.

## १०. परतीचा घाट

मालवणहून वर चढायला फोंडा, करूळ किंवा आंबोली. आंबोली शनिवार-रविवारी सोडा. घाट मोकळा आहे एवढे पाहून निघू नका; वर कोल्हापूरला पंचगंगेची पातळी पाहा. २०१९ आणि २०२१ मध्ये घाट पार करून आलेल्या गाड्या शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आल्याने अडकल्या. पातळी वाढत असेल तर मालवणात आणखी एक दिवस काढा.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या, फक्त वरून नाही. खारे पाणी आणि तांबडी माती ब्रेकच्या कॅलिपरवर आणि सायलेन्सरच्या सांध्यांवर बसते. आतल्या चटया काढून त्यांच्याखालचे फेल्ट हाताने चाचपा. ओले राहिले तर आठवड्यात बुरशी धरते. इंजिन ऑइल ताकासारखे पांढरट दिसले तर गाडी न चालवता गॅरेजवाल्याला घरी बोलवा.